शीग

आजीचा किलोवर विश्वास नव्हता.

पाटणच्या बाजारातून आजोबा सामान घेऊन आले की ती सोप्यातच एकेक पुडा उचलायची, हातावर दोनदा झेलायची आणि नाक मुरडून खाली ठेवायची. दुकानदारानं काटा मारला असेल, असं तिचं म्हणणं नसे. तो बिचारा नेकीनं तोलत असेलही. तिची तक्रार त्याच्याही मागची होती. काटा मधोमध आला की व्यवहार संपला. त्याच्या वर आपल्या मनानं काही घालायचं म्हटलं तर जागाच नाही. "किलोत शीग कुठं घालायची, सांगा की मला," असं ती आजोबांना विचारायची. आजोबा चौथी शिकलेले, गावात पेपर वाचून दाखवणारे. ते चष्मा काढून धोतराच्या सोग्यानं पुसत बसायचे.

शीग म्हणजे काय, हे आता सांगावं लागतं. धान्य मापानं मोजायचं तेव्हा माप काठोकाठ भरलं तरी दाणे सोडत राहायचं. ते काठाच्या वर चढत जातात, त्यांचा टोकदार ढीग होतो, आणि मग अशी वेळ येते की पुढचा दाणा टाकला तर तो घरंगळून खालीच जातो. काठाच्या वरचा तो ढीग म्हणजे शीग. निकालाच्या आदल्या दिवशी वर्तमानपत्रांत उत्सुकता 'शिगेला पोहोचते' ती हीच. लिहिणाऱ्याला बहुधा डोंगराचं शिखर दिसत असावं. मला आजीचा हात दिसतो.

डावा तळहात ती मापाच्या काठाला कमानीसारखा लावायची आणि उजव्या हातानं दाणे सोडायची. दाणे कमानीला येऊन अडायचे, तेवढ्या आधारावर ढीग वर चढायचा. मग ती हात इतका सावकाश काढून घ्यायची की ढिगाला ते कळू नये. त्याआधी आणखी एक बारकावा होता, तो मला बऱ्याच उशिरा समजला. शेजारणीला उसनं देताना ती अर्धं भरलेलं माप एकदा जमिनीवर आपटायची. त्यानं दाणे दबून बसतात आणि त्याच मापात मूठभर जास्त मावतात. परत घेताना मात्र आपटणं नाही, आणि शिगेचा आग्रहही नाही. शेजारीण सपाट माप ओतून गेली तरी आजी पदरात घ्यायची. "मापात पाप नगं," एवढंच म्हणायची. ते कुणाला उद्देशून असायचं, हे शेजारणीनं ठरवायचं.

पहिल्या मापाला 'एक' म्हणायचं नाही, 'लाभ' म्हणायचं. लाभ, दोन, तीन, चार. आमच्या भागात खळ्यावर रास मोजताना सगळे असंच मोजत. उन्हाळ्याच्या सुट्टीत मी तिच्याजवळ बसून हे इतकं घोकलं होतं, की पुण्याच्या शाळेत पहिलीत मणी मोजताना मी खणखणीत आवाजात "लाभ, दोन, तीन" म्हटलं. बाईंनी माझी पाटी तपासली, मग कपाळाला हात लावून ताप आहे का ते पाहिलं.

तिची मोजदाद अशी होती. दोन चिपट्यांचं एक मापटं, दोन मापट्यांचा एक शेर, चार शेरांची पायली. चिपट्याच्या खाली कोळवं आणि निळवं, पायलीच्या वर मण आणि खंडी. मण किती पायल्यांचा हे गावागणिक बदलायचं, आणि त्यावरून सोयरिकी मोडल्याच्या गोष्टी आजी चवीनं सांगायची. निळव्याच्याही खाली आलं की पसा, मूठ, चिमूट. तिथं भांडं संपून हात सुरू व्हायचा. मला कोष्टकं कधीच नीट पाठ झाली नाहीत, पण हे एक अजून झोपेतही येतं. उपयोग शून्य.

या सगळ्या मापांपैकी आमच्या घरात शेवटपर्यंत टिकलं ते एक पितळी मापटं. ते आत्ता माझ्या स्वयंपाकघरात तांदळाच्या डब्याशेजारी आहे. काठाखाली दोन कडी, तळाशी पुसट झालेला छाप, आणि एका कुशीला लिंबाएवढा पोचा. त्या पोच्याबद्दल आमच्या घरात दोन पक्ष आहेत. त्याकडं येते.

कोयना महाबळेश्वरच्या डोंगरातून निघते, दक्षिणेला वाहत हेळवाकपर्यंत येते, तिथं पूर्वेला वळते आणि कराडला कृष्णेला समोरासमोर जाऊन भिडते. त्या वळणानंतरच्या पट्ट्यात आमचं गाव. सोपा, माजघर, त्याच्या अंगाला चुलीची खोली, मागं परडं. माजघरात भर दुपारीही दिवेलागण झाल्यासारखं वाटायचं. बाहेरच्या रखरखाटातून आत शिरलं की काही वेळ दिसायचंच नाही. आधी शेणानं सारवलेल्या भुईचा गारवा तळपायांना कळायचा, मग धान्याचा कोंदट गोड वास, आणि सगळ्यांत शेवटी, कोपऱ्यात पोट काढून बसलेल्या जाड्या बाईसारखी, कणगी दिसायची. मापटं त्या कणगीत, धान्यावर ठेवलेलं. ते पालथं घालायचं नाही आणि पुरतं रिकामं करायचं नाही, असा आजीचा नियम होता. तळाला चार दाणे राहू द्यायचे.

या घरात ती आली तीच मुळी हे मापटं लवंडून. १९४७ चा वैशाख. स्वातंत्र्याला तीन महिने होते, पण ते तिला पुढं कुणीतरी सांगितलं तेव्हा कळलं. वय पंधरा की सोळा, याची नोंद कुठं नाही. तिचं माहेर माणमधलं. जिल्हा एकच, सातारा. पण पश्चिमेला पाटणच्या डोंगरात पाऊस थांबायचं नाव घेत नाही आणि पूर्वेला माणमध्ये तो यायचं नाव घेत नाही. तिच्या माहेरी नवरीचं माप जोंधळ्यानं भरत. तांदूळ सणाला, तोही पाहुणा आला तर. आणि इथं उंबऱ्यावर बघते तर मापटं तांदळानं शिगोशीग भरलेलं, वर गुळाचा खडा. तिला पाय लावायचा धीरच होईना. म्हणून तिनं अंगठ्यानं हलकेच ढोसलं. मापटं नुसतं कललं, पसाभर तांदूळ सांडले, आणि ते पुन्हा उभं राहिलं. मागून सासूचा आवाज आला, "जोरानं ढकल की गं, का माघारी न्यायचं हाय म्हायेरला?" तेव्हा तिनं असा काही पाय मारला, की मापटं घरंगळत सोपा ओलांडून, माजघर ओलांडून थेट चुलीपाशी गेलं. बाणासारखं सरळ. ही गोष्ट ती दर उन्हाळ्यात सांगायची आणि 'सरळ' म्हणताना हात लांब करून दाखवायची.

आता एक सांगून टाकते. आज्यांबद्दल लिहिताना, त्या सगळ्यांना वाढून मागं उरलंसुरलं खात, असं लिहायची एक पद्धत पडली आहे. असतीलही तशा. माझी आजी तशी नव्हती. पहिली भाकरी तव्यावरून उतरली की तिचा चतकोर तोडून, त्यावर तेल आणि खर्डा घालून ती चुलीसमोरच खायची. "जाळ कसा हाय ते कळाया नगं?" असं वर समर्थन. जाळ कसा आहे ते तिला तीन भाकऱ्यांपर्यंत कळत नसे. थोरली काकू बाहेरून म्हणायची, "आत्याबाई, झाली का परीक्षा?" आणि आतून तोंड भरल्यामुळं उत्तर यायचं नाही.

पण ती भाकरी बघण्यासारखी होती. काटवटीत पीठ घ्यायचं ते मुठीनं, माणशी दोन मुठी. मधे आळं करून त्यात उकळतं पाणी, आधी उलथन्याच्या टोकानं ढवळायचं, मग चटका सोसत हातानं. मळायचं तळहाताच्या मागच्या गादीनं, पीठ पुढं रेटत, जोवर गोळ्याच्या कडेला चीर पडायची थांबत नाही तोवर. थापायला लागली की तिची बोटं भाकरीला ढकलायची नाहीत. भाकरी आपली आपण फिरतेय असंच वाटायचं, आणि काटवटीतून चपचप असा एक ठेका यायचा. तव्यावर टाकली की वरून पाण्याचा हात. पाणी सुकायच्या बेताला उलटायची. मग तवा उतरवून भाकरी चुलीच्या तोंडाशी निखाऱ्याला लावून उभी करायची. तिथं ती फुगायची. पापुद्रा सुटताना एका ठिकाणाहून वाफ फुस्स करून निघायची आणि आजी तिथंच बोट ठेवून ती दाबून धरायची. वाफ कोंडली की बाकीची भाकरीही टम्म. त्या बोटाला कायमचा घट्टा होता.

पोच्याकडं येते म्हटलं होतं.

११ डिसेंबर १९६७, सोमवार, पहाटेचे चार वाजून एकवीस मिनिटं. कोयनेचा भूकंप. बाबा तेव्हा बारा वर्षांचे. आजी उठून चूल पेटवायच्या तयारीत होती. तिला वाटलं, गोठ्यातला बैल दावं तोडून भिंतीला धडका देतोय. ती त्याच्यावर ओरडली. मग फडताळातली भांडी खाली आली, उतरंड कोसळली, आणि बैलाचा यात हात नाही हे तिच्या ध्यानात आलं. कोयनानगर जमीनदोस्त झालं, पावणेदोनशेच्या वर माणसं गेली. आमच्या घरातलं कुणी गेलं नाही. माजघराची भिंत मात्र आतल्या अंगाला पडली, ती नेमकी कणगीवर. नुकती सुगी झालेली. वर्षाचा भात आणि नाचणी दगडामातीत मिसळून गेली.

पुढचे कित्येक दिवस सगळे शेतातल्या खोपटात राहिले. धक्के बसतच होते. पुरुषमाणसं घराचे वासे उपसत होती, आणि आजी आंब्याखाली चाळण आणि सूप घेऊन माती पाखडत बसली होती. बाबांना त्या दिवसांतलं सगळ्यांत जास्त काय आठवतं, तर सुपाचा आवाज. सकाळी उठलं की सूप, रात्री झोपताना सूप. तिनं मातीतून एकेक पायली धान्य बाहेर काढलं. त्यातलं किती खाण्याजोगं आणि किती जनावरांना घालायचं ते निवडलं, आणि भिंतीखालून मापटं सापडल्यावर ते सगळं नव्यानं मोजलं. लाभ, दोन, तीन. मोजून झाल्यावर ती रडली म्हणतात. मोजेपर्यंत नाही.

तेव्हापासून मापट्याला पोचा आहे. कराडला नेऊन तांबटाकडून ठोकून घेता आला असता. आजोबा तसं म्हणालेही. आजीनं नेऊ दिलं नाही. तिचं म्हणणं, ठोकलं की पत्रा ताणतो, ताणला की माप वाढतं, आणि मग हे मापटं म्हणून कोण इस्वास ठेवंल? यात तथ्य आहे. पण पोचा ठेवल्यानं माप घटलं त्याचं काय? तर त्यासाठी शीग.

बाबांचा पक्ष तो हा. त्यांच्या मते शीग ही आजीची दानत वगैरे काही नव्हती, तो हिशेब होता. पोच्यानं जेवढं खाल्लं तेवढं वरून भरून द्यायचं. आत्याला हे अजिबात मान्य नाही. भूकंपाच्या आधीपासून आई शीग घालायची, मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय, असं ती म्हणते. यावर बाबा म्हणतात की तू तेव्हा सहा वर्षांची होतीस. हा वाद आमच्याकडं दर दिवाळीला होतो. फराळाइतकाच नेमानं.

१९७२ साल आलं. आमच्याकडं नदी होती, तरी ते साल कोरडंच गेलं. रेशनवर अमेरिकेतून आलेली मिलो मिळायची, तांबडी. तिच्या पिठाला चिकी नव्हती. थापताना कडा फुटायच्या आणि काटवटीतून तव्यावर जाईपर्यंत भाकरीचे दोन देश व्हायचे. इतकी वर्षं भाकरी थापलेल्या आजीच्या हाताला ती जुमानली नाही. "माझ्या हाताला माझा हात न्हाई असं वाटायचं," असं ती सांगायची. पण मिलो होती म्हणून चूल पेटत होती, हेही सांगायची.

माणमध्ये याहून वाईट होतं. दुष्काळी कामांवर सगळा तालुका खडी फोडत होता, आणि पोरांना कामावर सुकडी मिळायची. अशात एके दिवशी तिचा भाऊ आला. काखेत दोन रिकामी पोती. तो सोप्यात बसला, पाणी प्यायला, पावसापाण्याचं बोलला. पोत्यांचा विषय कुणीच काढला नाही. मग आजोबाच म्हणाले, "चार पायल्या नेऊ देत."

चार पायल्या म्हणजे आठपट, बत्तीस मापटी. आजी कणगीशी बसली. आत होता तो आदल्या सुगीचा जपून ठेवलेला भात. भावानं पोत्याचं तोंड धरलं, आजोबा दाराच्या चौकटीला टेकून उभे, बाबा कणगीच्या मागं. ती मोजायला लागली. लाभ, दोन, तीन. प्रत्येक मापाला आपटणं, प्रत्येक मापाला शीग. अकरा झाले, बारा झाले. मग पुन्हा बारा. बाबांना वाटलं आपण चुकीचं ऐकलं. पुढं एकोणीस दोनदा आलं. सव्वीसही दोनदा. सूर तोच, वेग तोच. आयुष्यभर 'मापात पाप नगं' म्हणणारी बाई नवऱ्याच्या समोर मोजणी चुकवत होती, आणि तिचा भाऊ मान खाली घालून पोतं धरून होता. त्यालाही आकडे येत होते.

आजोबांनी चष्मा काढला आणि पुसायला घेतला. बत्तीस होईपर्यंत पुसत राहिले.

हे आजीनं मला कधीच सांगितलं नाही. बाबांनी सांगितलं, तेही ती गेल्यावर. तो भात पुढं परत आला का, हे मी विचारलं नाही.

आता जे लिहायचं आहे ते लिहावं की नाही, याचा मी दोन दिवस विचार केला. मी आठ-नऊ वर्षांची असेन. सुगीच्या दिवसांत एका लग्नासाठी आम्ही गावी होतो. बलुत्याची पद्धत तोवर बरीचशी मोडली होती, पण काही जण यायचे. सुताराला, न्हाव्याला आजीनं सोप्यात बसवून दिलं. मग गावाबाहेरच्या वस्तीतली एक बाई आली. ती सोप्यात आली नाही, अंगणातच थांबली. तिनं जमिनीवर फडकं पसरलं आणि दोन पावलं मागं सरली. आजीनं मापटं भरलं, आपटलं, शीग चढवली. मग उभं राहून वीतभर वरून ते फडक्यात ओतलं. वरून पडल्यामुळं दाणे उडाले आणि अंगणभर गेले. त्या बाईनं ते एकेक करून वेचले. आजी बघत उभी होती. शिगेत एक दाणा कमी नव्हता.

मी रात्री विचारलं, वरून का ओतलंस? ती म्हणाली, "तशी रीत हाय." मी म्हटलं, सांडलं ना सगळं. ती म्हणाली, "झोप आता." मी तिच्याच वाकळेत झोपले होते आणि तिनं कूस बदलून पाठ केली, ते मला आठवतं. पुढं काकूनं सोप्यात बोलावून द्यायला सुरुवात केली तेव्हा आजीनं काही विरोध केला नाही. पण आपणहून कधी बोलावलंही नाही. आजीवर लिहिताना हे वगळलं असतं तर लेख गोड झाला असता. पण जी बाई काठाच्या वरच्या प्रत्येक दाण्याला जपायची, तिच्याबद्दल सपाट माप घालणं मला जमेना.

सरकारनं १ एप्रिल १९५७ ला नवे पैसे आणले आणि त्याच्या पुढच्या वर्षापासून हळूहळू किलो-लिटर. आजीनं दोन्हींची दखल घेतली नाही. रुपयाचे सोळा आणे ते सोळाच. पन्नास पैशांना ती अखेरपर्यंत आठ आणे म्हणायची, आणि दुकानातली पोरंसुद्धा बरोबर तेवढेच पैसे परत करायची. म्हणजे दशमान पद्धत आल्यावर पन्नास वर्षं एक बाई आण्यात जगली आणि कुठं काही अडलं नाही. तूप वाढताना मात्र तिचं माप फार कडक असे. नातवांच्या भातावर धार आणि नातींच्या भातावर थेंब. यावरून मी तिच्याशी मनापासून भांडले आहे. एकदा तर ताट घेऊन परड्यात जाऊन बसले. ती मागून आली, इकडंतिकडं बघितलं, पदराखालून तुपाची वाटी काढून माझ्या भातावर उपडी केली आणि म्हणाली, "भावाला सांगशील तर बघ." मी अर्थातच सांगितलं.

ती २००९ साली गेली. आजारपण फार नव्हतं. शेवटच्या आठवड्यात तिला माणसं ओळखू येत नव्हती, पण भूक लागलेली कळायची. काकूनं मऊ भात भरवला की तोंड उघडायची आणि दोन घासांनंतर हात आडवा धरायची. काठावरून फिरवून शीग काढून टाकतात ना, तसा. बास म्हणायची तिची ती खूण होती. दोन वर्षांनी, २०११ च्या जूनअखेर, चार आण्याचं नाणं चलनातून बंद झालं. बातमी वाचून मला पहिलं हेच सुचलं की हे तिला आता कोण समजावणार, आणि मग एकदम हायसं वाटलं.

घरातल्या वस्तूंच्या वाटण्या झाल्या तेव्हा तांब्याचा हंडा आणि परात आत्याकडं गेली, काटवट काकूनं ठेवली, सागवानी पेटीवरून थोडं वाजलं. मापटं कुणी मागितलं नाही. मोडीत घातलं तर पितळेचे किती येतील, असं एक चुलतभाऊ म्हणाला तेव्हा मी ते उचलून पिशवीत टाकलं. पुण्यात पहिली दोन वर्षं त्यात पेनं होती. आपण काय करून ठेवलंय हे लक्षात आल्यावर ती काढली. आता रोजचे तांदूळ त्यानं घेते. तळाला चार दाणे ठेवते.

मागच्या वर्षी एका रविवारी मला काय सुचलं कोण जाणे, मी बाबा-आत्याच्या वादाचा निकाल लावायचं ठरवलं. घरात बेकिंगसाठी आणलेला इलेक्ट्रॉनिक काटा होता. पोच्यात बाहेरून कणीक भरली, मूळच्या गोलाईला धरून सपाट केली, मग ती काढून पाण्याच्या मोजपात्रात बुडवली. पाणी तीस मिलिलिटर चढलं. एवढं पोच्यानं खाल्लेलं. तेवढे तांदूळ तोलले तर चोवीस ग्रॅम. मग मापटं सपाट भरून तोललं आणि शीग घालून पुन्हा तोललं. माझी शीग आजीसारखी होत नाही, तिसऱ्या प्रयत्नात जमली. फरक आला पंचेचाळीस ग्रॅमचा. म्हणजे पोचा भरून निघून वर एकवीस ग्रॅम उरत होते. आत्या जिंकली.

मी बाबांना फोन केला. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "मोजलंस काय?"

"तांदूळ."

"उसनं काय तांदूळ देतात व्हय? ती जोंधळा द्यायची. जोंधळा गोल, घरंगळतो. त्याची शीग बसकी होते. पुन्हा तोल."

मी पुन्हा तोललं नाही.

यंदा वैशाखातच पुतण्याचं लग्न झालं. कार्यालयवाल्यांनी गृहप्रवेशासाठी म्हणून एक माप दिलं होतं, मोती आणि गोंडे चिकटवलेलं, पुठ्ठ्याहून थोडं जड. मी घरून मापटं घेऊन गेले. चिंचेनं घासून लख्ख केलेलं, तरी पोचा तो पोचाच. फोटोग्राफरनं ते बघून, दुसरी बाजू पुढं करा म्हणून सांगितलं. पुतण्याच्या फ्लॅटच्या दारात ते ठेवलं, तांदूळ भरले, वर गुळाचा खडा. सगळे मोबाईल वर झाले. नवी सून धीट आहे, कुणी जोरानं ढकल म्हणायची वेळच आली नाही. तिनं उजव्या पायानं छान ठोकर दिली.

मापटं आडवं पडून निघालं, हातभर सरळ गेलं, आणि मग पोच्याची बाजू खाली आल्यावर अडखळून वळलं. घड घड करत चपलांच्या कपाटाला वळसा घालून ते परत तिच्याच पावलांपाशी येऊन थांबलं. फरशीवर तांदळाची अर्धगोल रेघ उमटली. सगळे हसायला लागले. सून गोंधळून म्हणाली, "आता? परत ओलांडायचं का?"

तिला उत्तर द्यायला कुणी मोकळं नव्हतं. बाबा केव्हाच गुडघ्यांवर बसले होते. त्यांनी मापटं उभं केलं, फरशीवरचे तांदूळ ओंजळीनं गोळा करून त्यात सोडायला लागले, आणि काठापर्यंत आल्यावर डावा तळहात कमानीसारखा लावला.